उत्तर न देणाऱ्यांचा हिशोब

नमुना सर्वेक्षणाचे सगळे गणित एका गृहीतकावर उभे आहे. निवडीत ज्याचे नाव निघाले तो माणूस सापडतो, दार उघडतो आणि विचारले ते सांगतो. प्रत्यक्षात काही घरांना कुलूप असते, काहीजण ‘आता वेळ नाही’ म्हणतात, काही प्रश्नावल्या पाकिटातून बाहेरही येत नाहीत. जे बोलतात त्यांतलेही काही उत्पन्नाचा प्रश्न आला की गप्प होतात. संशोधनाच्या भाषेत हा सगळा ‘अप्रतिसाद’. सर्वेक्षणाचा अहवाल हाती आला की जाणकार वाचक पहिल्यांदा प्रतिसादाची टक्केवारी शोधतो. सवय चांगली आहे, पण ती टक्केवारी जे सांगते असे आपण समजतो ते ती बहुतेक वेळा सांगत नाही. हे लक्षात यायला या शास्त्राला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

सुरुवातीचा वाद निवडीचा होता. नॉर्वेच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख आंदर्स किएर यांनी १८९५ मध्ये बर्न येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडले की, सगळ्यांची मोजणी न करता नीट निवडलेल्या भागावरून संपूर्ण समाजाचे चित्र काढता येते. त्यांना कडाडून विरोध झाला. पुढची काही दशके भांडण एवढ्याच मुद्द्यावर चालले: नमुना विचारपूर्वक, समाजाची छोटी प्रतिकृती म्हणून निवडायचा, की नशिबावर सोडायचा? संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन यांच्या १९३४ मधील निबंधाने कौल यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारख्या, निवडीच्या बाजूने लावला. निवड यादृच्छिक असेल तर चूक किती होऊ शकते याचाही अंदाज करता येतो, हे त्यांनी दाखवले. निवडलेला माणूस बोललाच नाही तर काय, हा प्रश्न या वादात जवळपास कुणी विचारला नाही.

अपवाद संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांचा. १९१२ मध्ये इंग्लंडमधील रेडिंग शहरात कामगार कुटुंबांची पाहणी करताना त्यांनी साधारण वीस घरांमागे एक घर निवडले, आणि माहिती मिळणे कितीही अवघड झाले तरी ठरलेल्या घराऐवजी दुसरे घर घ्यायचे नाही असा नियम ठेवला. वरवर हा हट्ट वाटतो. पण शेजारचे घर उघडे सापडते याचाच अर्थ तिथे दिवसा कुणीतरी असते, आणि ज्या घरातले सगळे कामावर गेलेत त्या घरापेक्षा ते वेगळे असते. बदली घर घेतल्याने नमुन्याचा आकडा पूर्ण होतो आणि उणीव कागदावरून नाहीशी होते. माझ्या मते अप्रतिसाद लपवण्याची ही सर्वांत जुनी युक्ती आहे, आणि ती आजही जिवंत आहे.

मग १९३६ आले. ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. सुमारे २३ लाख परत आल्या. त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार अल्फ्रेड लँडन ५७ टक्के मते मिळवून जिंकणार असे भाकीत छापले गेले. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली आणि लँडन यांच्या वाट्याला ४८ पैकी दोन राज्ये आली. या फजितीचे पाठ्यपुस्तकी कारण सर्वांना पाठ आहे: पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारगाड्यांच्या याद्यांमधून घेतले होते, मंदीच्या काळात या दोन्ही गोष्टी श्रीमंतांकडेच होत्या, आणि श्रीमंत रूझवेल्टविरोधी होते.

हे कारण अर्धेच खरे आहे. निवडणुकीनंतर १९३७ मध्ये गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या एका पाहणीत लोकांना विचारले गेले होते की, डायजेस्टची मतपत्रिका तुम्हाला आली होती का आणि आली असल्यास तुम्ही ती परत पाठवलीत का. त्या उत्तरांकडे कित्येक दशके कुणी फारसे पाहिले नाही. १९८८ मध्ये पेव्हरिल स्क्वायर या राज्यशास्त्रज्ञाने ती तपासली तेव्हा निघाले ते असे: ज्यांना मतपत्रिका मिळाली होती त्यांच्यातही बहुमत रूझवेल्ट यांचेच होते. कल फिरला तो ती परत पाठवणाऱ्यांत. यादी वाकडी होती, पण मिळालेल्या सगळ्यांनी उत्तर दिले असते तर निदान विजेता तरी बरोबर आला असता. लँडन यांच्या समर्थकांना सत्ताबदल हवा होता आणि ते सांगण्याची त्यांना उत्सुकता होती. बोलण्याची इच्छा आणि द्यायचे उत्तर एकमेकांशी जोडलेले असले की संख्या कितीही मोठी असून उपयोग होत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रश्नावर पहिल्यांदा शिस्तशीर गणित झाले. अमेरिकी जनगणना कार्यालयातील मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ यांनी १९४६ मध्ये दोन टप्प्यांचा मार्ग सांगितला. आधी स्वस्तातले टपाल सगळ्यांना पाठवायचे. जे उत्तर देत नाहीत त्यांच्यातून पुन्हा यादृच्छिक उपनमुना काढायचा आणि त्यांच्या घरी मुलाखतकार पाठवायचा. त्या थोड्यांची उत्तरे उरलेल्या सगळ्या गप्प लोकांच्या वतीने मोजायची. खर्च आणि अचूकता यांचा मेळ कसा घालायचा याचेही सूत्र त्यांनी दिले. अट एकच, आणि तीच जड: दुसऱ्या टप्प्यातल्या सगळ्यांनी बोलले पाहिजे.

१९४९ मध्ये आल्फ्रेड पॉलिट्झ आणि विलार्ड सिमन्स यांनी सुचवलेली युक्ती मला जास्त आवडते, कारण तीत पुन्हा घरी जाण्याची गरजच नाही. जो सापडला त्याला एवढेच विचारायचे की, मागच्या पाच संध्याकाळी या वेळेला तुम्ही घरी होतात का? आजचा धरून सहापैकी सहाही दिवस घरी असणाऱ्याचे उत्तर एकदा मोजायचे. एकच दिवस घरी असलेला नेमका आज सापडला असेल तर त्याचे उत्तर सहापट धरायचे, कारण त्याच्यासारखे बाकीचे आज हाती लागलेले नाहीत. घराबाहेर असणाऱ्यांसाठी हे चोख आहे. दार उघडून नकार देणाऱ्याला मात्र ते लागू पडत नाही, कारण तो किती वेळा नकार देतो हे विचारायला तो थांबतच नाही.

त्याच सुमारास आल्फ्रेड किन्से यांच्या लैंगिक वर्तनाच्या अभ्यासाने हा प्रश्न वर्तमानपत्रांपर्यंत नेला. पुरुषांवरचा त्यांचा अहवाल १९४८ मध्ये आला. यादृच्छिक नमुन्याला किन्से यांनी साफ नकार दिला होता. असल्या विषयावर इतके लोक नाही म्हणतील की यादृच्छिकता नावापुरती उरेल, हा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो वेडगळ नव्हता. त्याऐवजी ते एखादा वर्ग किंवा संस्था गाठून तिथल्या शंभर टक्के लोकांना बोलते करायचा प्रयत्न करत. विल्यम कॉक्रन, फ्रेडरिक मॉस्टेलर आणि जॉन ट्युकी या तीन संख्याशास्त्रज्ञांनी या कामाची सविस्तर तपासणी केली. इतर अभ्यासांच्या तुलनेत त्यांनी त्याचे कौतुकही केले, पण तपासणीसाठी म्हणून तरी छोटा संभाव्यता-नमुना, म्हणजे यादृच्छिक नमुना, घ्यावा असा आग्रह धरला. दरम्यान, १९५२ मध्ये अब्राहम मास्लो आणि जेम्स साकोदा यांनी दाखवले की, किन्से यांच्या मुलाखतीसाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांत उच्च आत्मसन्मान असलेल्यांचे प्रमाण जास्त आहे, आणि मास्लो यांच्या आधीच्या अभ्यासानुसार अशा लोकांचे लैंगिक वर्तनही रूढीबाहेरचे असण्याची शक्यता जास्त होती.

मास्लो यांच्याकडे एक गोष्ट होती जी बहुतेक सर्वेक्षकांकडे नसते: पुढे न आलेल्यांबद्दलची माहिती. आत्मसन्मानाची चाचणी सगळ्या वर्गाची आधीच झाली होती. अप्रतिसादावरचा पुढचा जवळजवळ प्रत्येक उपाय या एका गोष्टीच्या शोधात आहे.

एक लोकप्रिय उपाय असा की उशिरा उत्तर देणाऱ्यांकडे पाहायचे. तीन स्मरणपत्रांनंतर जो बोलला तो जवळजवळ न बोलणारा होता, म्हणून कधीच न बोलणारा त्याच्यासारखा असेल. १९७७ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ओव्हर्टन यांच्या निबंधानंतर व्यवस्थापनशास्त्रात ही पद्धत इतकी रुजली की आजही शोधनिबंधांत ‘लवकर आणि उशिरा आलेल्या उत्तरांत लक्षणीय फरक आढळला नाही’ हे वाक्य शिक्क्यासारखे उमटलेले दिसते. १९९५ मध्ये लिन आणि शेफर यांनी मुलांच्या पोटगीसंबंधीच्या पाहणीची तुलना न्यायालयाच्या नोंदींशी केली. या नोंदी न बोललेल्यांच्याही होत्या. उशिरा आलेले लोक कधीच न आलेल्यांची जागा विश्वासाने भरू शकत नाहीत असे त्यातून दिसले. शिक्का तरी उमटतोच आहे.

संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये प्रश्नाचे तीन भाग पाडले. उत्तर गहाळ होणे कशाशीच संबंधित नसेल तर चिंता नाही. ते वय, शिक्षण, वस्ती अशा आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींशी जोडलेले असेल तर भार देऊन (म्हणजे कमी बोललेल्या गटाची उत्तरे जास्त मोजून) किंवा रिकाम्या जागा अंदाजाने भरून दुरुस्ती होते. ते खुद्द गहाळ उत्तराशीच जोडलेले असेल, म्हणजे जास्त कमावणाराच उत्पन्न सांगत नसेल, तर हाती आलेल्या माहितीतून सुटका नाही. आणि आपण दुसऱ्या भागात आहोत की तिसऱ्या, हे त्या माहितीवरून ओळखता येत नाही. बाहेरचा पुरावा लागतो.

प्रतिसाद घसरत असल्याची ओरड अमेरिकेत सत्तरच्या दशकातच सुरू झाली होती. डॉन डिलमन यांनी १९७८ मध्ये पत्राचा मजकूर, वेळ, स्मरणपत्रे यांची काटेकोर रचना सांगितली. आगाऊ दिलेला छोटा मोबदला नंतर देऊ केलेल्या मोठ्या मोबदल्यापेक्षा बरे काम करतो, हेही प्रयोगांतून कळले. पण ही सगळी धडपड टक्केवारी वाढवण्याची होती, आणि वाढलेली टक्केवारी म्हणजे सुधारलेले उत्तर हे गृहीतच होते.

ते गृहीतक एका साध्या प्रयोगाने हलले. जनमत पाहण्या करणाऱ्या अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने १९९७ मध्ये एकच प्रश्नावली दोन प्रकारे राबवली. एक नेहमीसारखी पाच दिवसांत, प्रतिसाद ३६ टक्के. दुसरी काही आठवडे पिच्छा पुरवून, प्रतिसाद सुमारे ६१ टक्के. बहुतेक प्रश्नांवर दोन्हींची उत्तरे जवळपास सारखी आली. २००८ मध्ये रॉबर्ट ग्रोव्ह्झ आणि एमिलिया पेयचेवा यांनी ५९ अभ्यास एकत्र तपासले आणि निष्कर्ष पक्का झाला: प्रतिसादाच्या टक्केवारीवरून चूक किती हे फारसे सांगता येत नाही. एकाच सर्वेक्षणातला एक प्रश्न खरा उतरतो आणि दुसरा सपशेल चुकतो. उत्तर देण्याची प्रवृत्ती त्या प्रश्नाच्या विषयाशी किती गुंतली आहे यावर ते ठरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण समाजसेवेचे. २०१२ मध्ये प्यूच्या टेलिफोन पाहणीचा प्रतिसाद ९ टक्क्यांवर आला होता, तरी वय, घरमालकी अशा बाबतींत तिचे आकडे सरकारी पाहणीशी बऱ्यापैकी जुळत होते. मात्र वर्षभरात स्वयंसेवी काम केल्याचे सांगणारे प्यूच्या पाहणीत ५५ टक्के निघाले, सरकारी पाहणीत २७. अनोळखी माणसाच्या फोनवर वेळ खर्च करणे हेच मुळात एक स्वयंसेवी काम आहे. वय आणि शिक्षणाचा कितीही भार द्या, ही चूक धुतली जात नाही.

या निष्कर्षाचा काहींनी सोयीचा अर्थ काढला: टक्केवारीला महत्त्व नाही, मग कमी प्रतिसाद चालतो. त्याची किंमत पुढे दिसली. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत राज्यांच्या अनेक चाचण्यांनी पदवीधर जास्त बोलतात याची दुरुस्ती केलीच नव्हती. २०२० मध्ये बहुतेकांनी ती केली आणि तरी देशपातळीवरच्या चाचण्यांत चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी चूक झाली. संख्याशास्त्रज्ञ शिओ-ली मेंग यांनी २०१८ मध्ये हिशोब मांडला की, उत्तर देणे आणि उत्तर यांच्यात अगदी ०.००५ एवढा सहसंबंध असला तरी २३ लाख लोकांची माहिती सुमारे ४०० जणांच्या खऱ्या यादृच्छिक नमुन्याइतकीच मोलाची उरते. (डायजेस्टकडेही साधारण तेवढ्याच मतपत्रिका परत आल्या होत्या.) २०२१ च्या वसंतात फेसबुकद्वारे दर आठवड्याला अडीच लाख अमेरिकनांकडून उत्तरे घेणाऱ्या पाहणीने लसीकरणाचा आकडा १७ टक्केबिंदूंनी जास्त दाखवला. सुमारे हजार लोकांची, पण काळजीपूर्वक निवडलेली एक पाहणी सत्याच्या बरीच जवळ राहिली. ही चूक उघडी पडली, कारण प्रत्यक्ष दिलेल्या लसींची अधिकृत नोंद होती.

अशी नोंद नसते तेव्हा खासगी पाहण्या आपले भार मोठ्या सरकारी पाहण्यांवरून आणि जनगणनेवरून ठरवतात. आता त्या मोजपट्ट्यांनाच गळती लागली आहे. ब्रिटनच्या श्रमशक्ती पाहणीचा प्रतिसाद इतका खाली गेला, २० टक्क्यांच्याही आत, की ऑक्टोबर २०२३ मध्ये सांख्यिकी कार्यालयाने तिच्यावर आधारित आकडे काही काळ थांबवले. बेरोजगारीचा दर तिथूनच येतो आणि व्याजदर ठरवणारी मध्यवर्ती बँक त्याच्याकडे पाहते. नॉर्डिक देशांकडे लोकसंख्येच्या नोंदवह्या असल्याने गप्प राहिलेल्याचे वय, उत्पन्न, शिक्षण त्यांना त्याच्याशी न बोलताही कळते. पण तो कोणावर विश्वास ठेवतो, कशाने एकटा पडला आहे, काम का शोधत नाही, हे नोंदवहीत नसते, आणि समाजशास्त्राला नेमके तेच विचारायचे असते.