‘रीड-ओन्ली’ जोडणी म्हणजे सुरक्षित पुरावा नव्हे

डिस्क ‘रीड-ओन्ली’ (फक्त वाचण्यासाठी) माउंट केली, म्हणजे संगणकाला जोडून वापरात घेतली, की तिच्यावर काहीच लिहिले जात नाही, हा तपासकामातला जुना समज चुकीचा आहे. संगणक अचानक बंद पडून ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमच्या जर्नलमधल्या (बदलांच्या आगाऊ नोंदवहीतल्या) नोंदी मूळ जागी लिहायच्या राहिल्या असतील, तर लिनक्स कर्नल (लिनक्स प्रणालीचा गाभा) माउंट करतानाच त्या नोंदी डिस्कवर उतरवतो आणि एकही फाइल न उघडता अख्ख्या डिस्कचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून काढलेला आकडी ठसा, बदलतो. म्हणून लिहिण्याच्या आज्ञा वाटेतच अडवणारा हार्डवेअर राइट ब्लॉकर आधी जोडावा, मगच इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) घ्यावी. एसएसडीत मात्र ट्रिम झालेले (फाइल पुसल्यावर मोकळे म्हणून कळवलेले) भाग तिचा कंट्रोलर वीज मिळताच आतल्या आत पुसू शकतो. तिथे ब्लॉकरचाही इलाज चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो, त्यामुळे ही हयगय न्यायालयात तपासाच्या मुळावर येऊ शकते.