खोबरेल थिजते तेव्हा

मार्गशीर्ष सुरू झाला की रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात दिवसाचा पहिला वाद खोबरेल तेलावरून होतो. मुलीला शाळेची घाई असते, तिची आजी फणी घेऊन पडवीत बसलेली असते आणि बाटली उपडी करून कितीही थोपटली तरी तिच्यातून थेंब बाहेर पडत नाही. मग कोणीतरी ती न्हाणीच्या चुलीजवळ नेते, कोणी गरम पाण्याच्या तांब्यात उभी करते आणि तेवढ्यात आजी बाटलीच्या तोंडात फणीचे टोक घालून हवे तेवढे तेल उकरून घेते. दुपारी पाहावे तर त्याच फळीवरच्या त्याच बाटलीत तेल पाण्यासारखे हलत असते. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा पांढरे झालेले दिसते.

पुण्याच्या मावशीकडे असे होत नाही. तिच्या मोरीतली बाटली डिसेंबरात एकदा थिजली की पुष्कळ दिवस थिजलेलीच राहते. आमच्याकडे पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात ती कधीच थिजत नाही, आणि थंडीत मात्र रोज थिजते व रोज वितळते. यामागचे कारण एका आकड्यात आहे. खोबरेल तेल सुमारे 24 अंश सेल्सिअसला वितळते, आणि कोकण किनाऱ्यावरच्या थंडीतला दिवस नेमका या आकड्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. जानेवारीत रत्नागिरीचे किमान तापमान सरासरीने 18-19 अंशांच्या आसपास उतरते आणि दुपारी ते 30 अंशांपर्यंत चढते, त्यामुळे चोविसाची रेषा दिवसातून दोनदा ओलांडली जाते. मे महिन्यात पहाटेसुद्धा पारा या रेषेच्या खाली येत नाही. पडवीतली बाटली म्हणजे एकच खूण असलेला तापमापक आहे, असे म्हणायला हरकत नाही. मात्र हा तापमापक थोडा लबाड आहे, त्याविषयी पुढे लिहितो.

शेंगदाण्याचे तेल त्याच फळीवर असूनही थिजत नाही. दोन्ही तेलांची मूळ घडण एकच आहे, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. फरक साखळ्यांच्या आकारात आहे. खोबरेल तेलातील सुमारे नव्वद टक्के मेदाम्ले संपृक्त, म्हणजे सरळ साखळीची असतात आणि त्यांतले जवळजवळ निम्मे एकटे लॉरिक आम्ल असते. सरळ साखळ्या माळ्यावर रचलेल्या लाकडाच्या फाट्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. शेंगदाणा तेलातील बहुतेक साखळ्यांना मध्येच दुहेरी बंधामुळे बाक आलेला असतो, आणि वाकड्या फाट्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही हे ज्याने सरपण गोळा केले आहे त्याला सांगावे लागत नाही. म्हणून ते तेल घट्ट व्हायला कोकणात कधीच न पडणारी थंडी लागते. देवघरातल्या समईत थंडीपुरते तिळाचे तेल घालण्याची आमच्या घरची रीतही यातूनच आलेली असावी, कारण तिळाच्या तेलातील साखळ्याही बहुतांशी वाकलेल्याच असतात आणि पहाटे वात पेटवताना ते प्रवाहीच मिळते.

मग संपृक्तपणा एवढा असूनही खोबरेल 24 अंशांनाच का वितळते? कारण त्याच्या साखळ्या आखूड आहेत. लॉरिक आम्लाच्या साखळीत कार्बनचे 12 अणू असतात. साखळी जितकी लांब तितकी तिची शेजारणीवरची पकड मोठी आणि ती सोडवायला लागणारी उष्णताही जास्त. याचा पुरावा आमच्या फडताळात कागदात गुंडाळलेला असतो. रातांब्याच्या बिया कुटून, पाण्यात उकळून, वर आलेला मेद मुठीने वळून केलेला कोकमतेलाचा गोळा टाचांच्या भेगांसाठी ठेवलेला असतो. त्यातील निम्म्याहून अधिक मेदाम्ल 18 कार्बन अणूंचे स्टिअरिक आम्ल असते आणि तो गोळा सुमारे 40 अंशांना वितळतो. त्याला तेल म्हणण्याची पद्धत असली तरी कोकणातल्या मे महिन्यातही तो दगडासारखाच राहतो. आपल्या त्वचेचे वरचे तापमान 32 ते 34 अंशांच्या आसपास असल्यामुळे तो टाचेवर नुसता घासून चालत नाही. आजी पळीत तुकडा वितळवून भेगेत सोडते, आणि भेगेत गेल्यावर तो पुन्हा थिजून मेणासारखा बसतो. मलमाने भेग बुजवण्याची युक्ती याहून वेगळी नाही.

समुद्र हाकेच्या अंतरावर असताना टाचा फुटाव्यात, हे पाहुण्यांना खरे वाटत नाही. परंतु थंडीत रात्री आणि सकाळी आमच्याकडे वारा समुद्रावरून येत नाही, तो जमिनीवरून समुद्राकडे जातो. त्याला मतलई वारा म्हणतात. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते, तिच्यावरची हवा जड होते आणि समुद्राकडे सरकते. शिडाच्या होड्यांच्या काळात मच्छीमार याच वाऱ्यावर पहाटे बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत. शिवाय थंडीत पूर्वेकडून, घाटावरून येणारी हवा मुळातच कोरडी असते, आणि ती सह्याद्रीवरून खाली उतरताना दाबली जाऊन दर 100 मीटरला जवळजवळ एक अंशाने तापते. बाष्प तेवढेच राहून हवा तापली की तिची तहान वाढते, आणि ती तहान ओठांच्या व टाचांच्या ओलाव्यावर भागते. दुपारी खारा वारा सुटला की दोरीवरचे कपडे दमट लागू लागतात, तेव्हा दिवसाचा कोरडा भाग संपला असे समजावे.

आता बाटलीच्या लबाडीविषयी. गेल्या वर्षी मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी बाटलीशेजारी तापमापक टांगला आणि तिला पहिल्याच आठवड्यात तक्रार करायची वेळ आली. "बाबा, बावीस दाखवतोय, तरी तेल पातळच आहे!" तिचे निरीक्षण बरोबर होते. घन तेल 24 अंशांच्या आसपास वितळते, पण पातळ तेल त्याच तापमानाला थिजेलच असे नाही. स्फटिक वाढायला आधी स्फटिकाचा एखादा कण लागतो, आणि असा पहिला कण आपोआप तयार होणे अवघड असते. त्यामुळे तेल काही अंश खाली गेले तरी बराच वेळ पातळ राहू शकते. यालाच अतिशीतन म्हणतात. विरजणाशिवाय दूध दही होत नाही त्यातला हा प्रकार आहे, फक्त येथे विरजण जिवंत नसते. आम्ही एकाच तेलाच्या दोन बाटल्या केल्या, एक कडक उन्हात तापवून पूर्ण पारदर्शक केली आणि दुसरीत तळाला चिमूटभर पांढरी साय शिल्लक ठेवली. दुसरी बाटली रात्रीच्या जेवणापूर्वी धुरकट झाली, आणि पहिली मध्यरात्र उलटून गेल्यावरही स्वच्छ होती. तिच्यात फणीच्या टोकावरून थिजलेल्या तेलाचा कण सोडल्यावर मात्र थोड्याच वेळात त्या कणाभोवती पांढरे ढग वाढू लागले. ज्यांच्या घरी हिवाळ्यात तेल थिजते त्यांनी हा प्रयोग जरूर करावा, त्याला काहीही खर्च येत नाही.

याच प्रयोगात एक गोष्ट मुलीच्या आधी तिच्या आजीने टिपली, ती म्हणजे पांढरे कण तळाशी जाऊन बसतात. बर्फ पाण्यावर तरंगतो, थिजलेले तेल तेलात बुडते. बहुतेक पदार्थ घन होताना आक्रसतात आणि जड होतात, पाणी हा त्यातला प्रसिद्ध अपवाद आहे. पूर्ण थिजलेल्या बाटलीत मधोमध खळगा पडलेला दिसतो तोही या आक्रसण्यामुळेच.

थिजते ते तेल अस्सल आणि थिजत नाही ते भेसळीचे, असा एक ठाम समज बाजारात ऐकू येतो, तो मात्र अर्धाच खरा आहे. पडवीत 18 अंश असताना अनेक दिवस पातळ राहणाऱ्या खोबरेलाविषयी शंका घ्यायला जागा आहे हे खरे, परंतु पामच्या बियांच्या गरापासून काढलेल्या तेलातही लॉरिक आम्ल भरपूर असते आणि तेही जवळपास त्याच तापमानाला थिजते. थिजण्याच्या परीक्षेत ही भेसळ सहज उत्तीर्ण होईल.

विहिरीच्या पाण्याबाबत आमच्या घरी असाच एक गैरसमज होता. थंडीत पहाटे ते कोमट लागते, त्यावर वाफ दिसते आणि उन्हाळ्यात तेच पाणी गार लागते, म्हणून विहीर ऋतू पाहून पाणी बदलते असे मुलांना सांगितले जाई. तापमापक दोरीला बांधून सोडल्यावर जानेवारीतही पाणी 26 अंशांच्या आसपास निघाले. काही मीटर खोल जमिनीत वर्षाचा चढउतार पोहोचत नाही, तेथे वर्षभराच्या सरासरीइतकेच तापमान टिकून राहते. पाणी जवळजवळ तसेच राहते, पण हात गारठलेले असतात. आंघोळीपूर्वी बाटली विहिरीच्या पाण्याच्या बादलीत उभी केली तर चूल पेटवण्याचीही गरज उरत नाही, कारण 26 हे 24 पेक्षा जास्त आहेत. फक्त फरक थोडा असल्यामुळे वेळ लागतो आणि शाळेच्या दिवशी तेवढा वेळ कोणाकडे नसतो.

काही सकाळी मात्र बाटली स्वच्छ असते, फणी पहिल्याच फटक्यात तेलाने माखते, आणि नेमक्या त्याच दिवशी घरातल्या मोठ्या माणसांचे चेहरे उतरतात. तेल थिजले नाही याचा अर्थ बहुधा रात्री आभाळ आले होते असा असतो. निरभ्र रात्री कौले, गवत आणि जांभ्याचा सडा आपली उष्णता आकाशाकडे फेकून देतात आणि गार होतात, तर ढग त्यातली बरीचशी उष्णता परत खाली पाठवतात. इंग्लंडमध्ये विल्यम चार्ल्स वेल्स यांनी लोकरीचे पुंजके रात्रभर उघड्यावर ठेवून, सकाळी त्यांचे वजन करून दवाचा अभ्यास केला आणि 1814 साली हे कारण सविस्तर मांडले. आमच्या अंगणात तेच पाहायला वजनकाटा लागत नाही. आंब्याखालची जमीन कोरडी आणि त्यापलीकडचे गवत ओले, एवढे पाहिले तरी पुरते.

ढगाळ, उबदार रात्री हापूसच्या मोहोराला मानवत नाहीत. पक्व फांद्यांच्या शेंड्यांवर मोहोर फुटायला रात्रीचा गारवा लागतो, आणि फुटलेल्या मोहोरावर ढगाळ दमट हवेत तुडतुडे व रोग बळावतात. उलट फळधारणा झाल्यानंतर गारठा फार वाढला तर झाड पुन्हा मोहोरते आणि आधीची कणी गळून जाते, त्याला बागायतदार पुनर्मोहोर म्हणतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यावर बरेच काम केलेले आहे. आमच्या एका खुणेच्या तापमापकाला यातले फारसे कळत नाही, कारण त्याच्या खाली पंधरा अंश आहेत की एकवीस, हे थिजलेली बाटली सांगू शकत नाही. तरीही पौषातल्या एखाद्या पहाटे आजी बाटली उजेडाकडे धरते, तेल आरपार स्वच्छ दिसते, आणि ती नातीच्या वेणीला हात घालण्यापूर्वी मला म्हणते, "जा रे, कलमांखाली एक फेरी मारून ये."