जुन्या गाडीचे ब्रेक आणि स्ट्रट : सुधारणेमागचा इतिहास

जुन्या गाडीचे ब्रेक सुधारून घ्यायचे ठरले की मालकापुढे जे प्रश्न येतात, तेच साठ-सत्तर वर्षांपूर्वी मोटार कारखान्यांपुढे आले होते. ब्रेक बदलला की चाकाचा आकार अपुरा पडतो, चाक बदलले की सस्पेन्शनवरचा (चाके गाडीला झुलती जोडणाऱ्या रचनेवरचा) भार बदलतो आणि सस्पेन्शन थकलेले असेल तर नव्या ब्रेकची ताकद रस्त्यापर्यंत पोहोचतच नाही. ब्रेक आणि सस्पेन्शनमधला उभा दांडा म्हणजे स्ट्रट, या दोन भागांचा इतिहास सहसा वेगवेगळा सांगितला जातो, पण सुधारणेचे काम हाती घेणाऱ्याने तो एकत्रच पाहिला पाहिजे.

सुरुवात उतारांपासून झाली. इंग्लंडमधील डोंगराळ डर्बीशर परगण्यात हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ साली घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी टिकाऊ लायनर (घासून पकड देणारे अस्तर) बनवण्याचा उद्योग सुरू केला. पुढे मोटारीत ड्रम ब्रेक रुळले. चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या, म्हणजे पोकळ डब्याच्या, आत लायनर लावलेले कमानदार शू फाकतात आणि फिरणारा ड्रमच पुढच्या शूला आणखी आत ओढून घेतो, त्यामुळे पायाने थोडाच जोर दिला तरी गाडी थांबते. त्याचा दोषही याच रचनेत आहे. बोरघाट किंवा कसारा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला, की तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो, लायनरची पकड कमी होते आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० आणि तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना चारही चाकांना ड्रम होते. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून उतरायची शिस्त त्या पिढीच्या चालकांनी अंगी बाणवली, ती याच कारणाने. (त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्यामुळे जुना ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या नळीने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.)

डिस्क ब्रेकची, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दोन पॅडमध्ये दाबून धरण्याची, कल्पना ड्रमइतकीच जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तिचे पेटंट १९०२ मध्ये घेतले होते, मात्र धातूवर धातू घासण्याचा कर्कश आवाज आणि झपाट्याने होणारी झीज यामुळे ती मागे पडली. तिला खरी मान्यता मिळाली ती १९५३च्या ले मान्स या फ्रान्समधील चोवीस तासांच्या शर्यतीत. डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेली जग्वार सी-टाइप तिथे ताशी १६० किलोमीटरहून अधिक सरासरी वेगाने पहिली आली. लांबलचक सरळ पट्ट्याच्या टोकाशी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उशिरा ब्रेक दाबणे आणि चोवीस तास ते ब्रेक तितकेच विश्वासार्ह राहणे, यात त्या गाडीचे बळ होते. दोनच वर्षांत सित्रोएन डीएस या मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांना डिस्क आल्या.

डिस्क उघड्या हवेत असल्यामुळे लवकर थंड होते आणि तापून जाड झाली तर पॅडकडेच सरकते. तिला ड्रमसारखी स्वतःहून आत ओढली जाण्याची सोय मात्र नसते. म्हणून तितक्याच परिणामासाठी जास्त दाब लागतो आणि त्यासाठी बूस्टर (पायाचा जोर वाढवणारे साधन) व योग्य मापाचा मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेकच्या तेलात उतरवणारा भाग) लागतो. ड्रम काढून नुसती डिस्क बसवली आणि मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला, तर पेडल लाकडासारखे कडक होते किंवा उलट जमिनीला टेकते. अशा गाड्या गॅरेजमध्ये परत येतात, तेव्हा दोष डिस्कचा नसून अर्धवट केलेल्या कामाचा असतो.

चाकाच्या आकाराने घातलेली मर्यादा समजून घ्यायला मिनीचे उदाहरण उत्तम आहे. १९५९च्या मूळ मिनीला दहा इंची चाके आणि चारही ड्रम होते. १९६१च्या मिनी कूपरला पुढे सात इंची डिस्क दिल्या गेल्या. त्या इतक्या छोट्या चाकात मावणाऱ्या असल्याने अपुऱ्याच ठरल्या. १९६३च्या कूपर एस मध्ये साडेसात इंची, जाड डिस्क आणि सोबत सर्व्हो म्हणजे बूस्टर आला, आणि मग गाडी तिच्या वेगाला शोभेल अशी थांबू लागली. आपल्याकडे बारा इंची चाकांच्या मारुती ८०० मध्ये मोठ्या डिस्क बसवू पाहणाऱ्याला हीच भिंत आडवी येते : आधी चाक मोठे, मगच डिस्क मोठी.

स्ट्रटची गोष्ट वेगळ्या गरजेतून घडली. अर्ल मॅकफर्सन हे जनरल मोटर्समध्ये शेव्हरले कॅडेट या छोट्या, स्वस्त गाडीच्या प्रकल्पावर काम करत होते. तो प्रकल्प गुंडाळल्यावर १९४७ मध्ये ते फोर्डकडे गेले आणि त्यांची रचना १९५० साली ब्रिटनमधील फोर्ड कॉन्सल व झेफिर या गाड्यांतून लोकांपुढे आली. चाकाला वरून धरणारा आर्म काढून टाकून स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर आणि चाकाचा आधार त्यांनी एकाच उभ्या दांड्यात आणला. भाग कमी झाले, खर्च उतरला; बदल्यात दांड्याचे वरचे टोक पेलण्यासाठी मडगार्डच्या आतला पत्रा भक्कम करावा लागला. पुढे इंजिन आडवे बसवून पुढची चाके फिरवणाऱ्या गाड्या आल्या, तेव्हा वरच्या आर्मची वाचलेली जागा अनमोल ठरली. १९७४च्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये आणि १९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्येही पुढे स्ट्रटच होते. पद्मिनीला पुढे दोन आर्मवर कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे, तर अ‍ॅम्बॅसेडरला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्या) होते. म्हणजे भारतात स्ट्रट घरोघरी पोहोचला तो मारुतीमुळे.

स्ट्रट थकला की चालकाला आधी आवाज ऐकू येतो; वरच्या माउंटिंगचे रबर चिरते आणि स्टीअरिंग वळवताना कट्-कट् होते. ब्रेकवर होणारा परिणाम मात्र सहजासहजी लक्षात येत नाही. ब्रेक दाबताच गाडीचे नाक खाली झुकते आणि भार पुढच्या चाकांवर जातो. शॉक अब्सॉर्बरमधले तेल गळून गेले असेल तर खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारते. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत ते हलके झालेल्या क्षणी जाम होते आणि टायर घसरतो. म्हणून माझे ठाम मत असे, की डिस्कवर खर्च करण्याआधी दोन्ही बाजूंचे स्ट्रट, माउंटिंग आणि लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरे) एकाच वेळी बदलावेत आणि लगेच चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी.

याहूनही आधी पाहायची एक गोष्ट आहे. १९६०च्या दशकापर्यंतच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या तेलाचे एकच सर्किट असे; एक पाइप फुटला तरी चारही चाकांचे ब्रेक जात. अमेरिकेने १९६८ पासून दुहेरी सर्किट सक्तीचे केले. ज्या जुन्या गाडीत ते नाही, तिच्यात टँडेम, म्हणजे दोन सर्किटना वेगवेगळा दाब देणारा, मास्टर सिलिंडर बसवणे ही सर्वांत मोलाची सुधारणा आहे. मागच्या ब्रेकची ताकद वाढवायची असेल तर पुढच्या-मागच्या ब्रेकमधले प्रमाण राखणारा व्हॉल्व्हही तपासावा, कारण मागची चाके आधी जाम झाली तर गाडी गरकन फिरते.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी लागते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे फेरफार मना करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कडक अर्थ लावला. त्यामुळे फ्रेमला किंवा बॉडीला वेल्डिंग करून दुसऱ्या गाडीचे सस्पेन्शन बसवण्यापेक्षा, मूळ जागी मूळ बोल्टवर बसणारे चांगल्या प्रतीचे भाग निवडणेच योग्य ठरते.