मानवी भांडवल आणि प्रादेशिक उत्पादन (बडोद्याच्या संदर्भात)

माणसाच्या ठायी असलेले शिक्षण, कौशल्य, अनुभव आणि आरोग्य यांच्या उत्पादक साठ्याला अर्थशास्त्रात ‘मानवी भांडवल’ म्हणतात. हे भांडवल माणसापासून वेगळे काढता येत नाही, म्हणून तो जेथे काम करतो त्या प्रदेशाच्या उत्पादनातच त्याची भर पडते. अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्ये आणि गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये या कल्पनेची आधुनिक मांडणी केली. शिकलेल्या माणसाच्या सहवासाने इतरांचीही उत्पादकता वाढते, हा मुद्दा अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट ल्यूकस यांनी १९८८ मध्ये पुढे आणला. ११० देशांतील १५६९ प्रदेशांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रदेशाप्रदेशांतील उत्पन्नाची तफावत स्पष्ट करणारा सर्वांत प्रभावी घटक शिक्षण हाच आढळला, आणि त्यातही उद्योजकांचे शिक्षण विशेष निर्णायक ठरले.

बडोदे संस्थानात ही प्रक्रिया जवळून पाहता येते. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. त्याआधीच, १८९० मध्ये, रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली होती. तेथे रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम आणि चित्रकला हे विषय शिकवीत. दादासाहेब फाळके हे तेथील विद्यार्थी. कारागिराच्या मुलाला रसायनशास्त्र समजेल अशा देशी भाषेत ते शिकविण्याचा गज्जर यांचा आग्रह या संस्थेचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य मानावे लागेल. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी अॅलेम्बिक केमिकल वर्क्स या रसायन कंपनीची स्थापना केली. प्रयोगशाळेतील ज्ञान कारखान्यात उतरल्याचे हे ठळक उदाहरण होय.

१९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याची तंत्रशास्त्र शाखा बनले. बडोद्याजवळच्या कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला, तर इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन १९६९ मध्ये स्थापन झाले. हे उद्योग केवळ शिक्षणामुळे आले असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण गुजरातमधील अंकलेश्वर येथे १९६० मध्ये खनिज तेल सापडले होते. मात्र अभियंते आणि रसायनतज्ज्ञ शहरातच तयार होत असल्याने प्रकल्पांना लागणारे मनुष्यबळ जवळ होते. शिवाय संपन्न प्रदेश शिक्षणावर अधिक खर्च करू शकतो, म्हणून कार्यकारणसंबंध दोन्ही दिशांनी तपासावा लागतो.

कौशल्य असले तरी ते वापरण्यास मोकळीक नसेल, तर उत्पादनात त्याची भर पडत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९१७ मध्ये ते संस्थानाच्या सेवेत रुजू झाले, पण अस्पृश्यतेमुळे त्यांना शहरात राहायला जागा मिळेना आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. खर्च संस्थानाने केला, भांडवल तयार झाले, आणि जातिभेदाने त्याचा उपयोग संस्थानालाच नाकारला.

मोजमापाची अडचण स्थलांतरामुळेही येते. प्रादेशिक उत्पादन काम जेथे होते तेथे मोजतात. त्यामुळे बडोद्यात शिकून मुंबईत किंवा परदेशात नोकरी करणाऱ्या अभियंत्याची मिळकत बडोद्याच्या आकड्यांत येत नाही, आणि शहराने त्याच्या शिक्षणावर केलेला खर्च निव्वळ उत्पादन पाहिल्यास वाया गेल्यासारखा दिसतो.