आपोआप फाटणारी हृदयधमनी आणि स्टेंट: पार्श्वभूमी

हॅरॉल्ड प्रेटी यांनी १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ४२ वर्षांच्या एका महिलेच्या शवविच्छेदनाची हकिगत दिली. तिच्या हृदयधमनीच्या भिंतीचे थर एकमेकांपासून सुटून अखेर ती धमनी फुटली होती. आज ‘स्कॅड’ (स्पॉन्टेनियस कॉरोनरी आर्टरी डिसेक्शन, म्हणजे हृदयधमनी आपोआप फाटणे) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विकाराची ही पहिली नोंद मानली जाते. विकार प्रामुख्याने स्त्रियांचा, त्यातही चाळिशी-पन्नाशीतल्या किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या.

स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी, या विकाराच्या उपचारात आला तो दुसऱ्याच वाटेने. १९७७ मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने हृदयधमनी रुंद केली. पण फुग्याच्या दाबाने कधी कधी आतले अस्तर फाटे आणि सुटलेला पदर रक्ताची वाट अडवी. १९८६ पासून माणसाच्या हृदयधमनीत स्टेंट बसू लागले, आणि अमेरिकेत १९९३ मध्ये पहिल्या स्टेंटला परवानगी मिळाली तीही फुग्यानंतर धमनी अचानक बंद पडण्याच्या प्रसंगासाठीच. उपचारात पडलेली चीर स्टेंटने सांधते, तर आपोआप पडलेली का सांधू नये, हा तर्क वरवर बिनतोड होता.

अडचण धमनीच्या भिंतीतच होती. स्कॅडमध्ये पुष्कळदा आतल्या अस्तराला चीर दिसतच नाही. भिंतीच्या थरांमध्ये रक्त साठून ते धमनीची पोकळी दाबते. ओल आलेल्या भिंतीवर रंगाला फुगारा यावा आणि तो बोटाने दाबला की पाणी शेजारी सरकावे, तसे हे रक्त स्टेंटच्या दाबाने पुढेमागे पसरते. मग एका स्टेंटच्या जागी तीन बसवावे लागतात. कधी स्टेंट जिच्यावरून आत नेतात ती मार्गदर्शक तारच थरांमधल्या खोट्या वाटेत शिरते. पुढे साठलेले रक्त शोषले गेले की स्टेंट भिंतीपासून सैल पडण्याचा धोकाही राहतो.

रुग्ण महिलांनीच इंटरनेटवरून एकमेकींना शोधून अमेरिकेतल्या मेयो क्लिनिककडे संशोधनाचा आग्रह धरला, हे या इतिहासातले विलक्षण पान. तेथील १८९ रुग्णांच्या २०१४ च्या अभ्यासात फुगा-स्टेंटचे निम्म्याहून अधिक, ५३ टक्के, प्रयत्न तांत्रिकदृष्ट्या अयशस्वी ठरले होते. उलट हात न लावलेल्या बहुतेक धमन्या कालांतराने आपोआप भरून आल्याचे फेरतपासणीत दिसत होते. २०१८ मध्ये अमेरिकन आणि युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी, रुग्ण स्थिर असेल तर औषधे देऊन रुग्णालयात काही दिवस देखरेखीखाली ठेवावे, असे सुचवले.

मुख्य डावी धमनी फाटली असेल, छातीत दुखणे थांबत नसेल किंवा रक्तदाब कोसळत असेल, तर मात्र स्टेंट किंवा बायपासचा विचार होतो. अशा वेळी काही तज्ज्ञ रक्ताच्या साठ्याच्या दोन्ही कडांवर आधी स्टेंट बसवतात आणि मधला भाग शेवटी झाकतात, म्हणजे दाबले गेलेले रक्त पुढे सरकत नाही.