अपग्रेड झालं आणि लिनक्स उठेना

इंदूरच्या जेल रोडवर, नाहीतर आरएनटी मार्गावरच्या एखाद्या दुकानात, काळ्या स्क्रीनवर अडकलेला लिनक्सचा संगणक नेला की उत्तर ठरलेलं असतं: "भिया, फॉर्मेट मारना पड़ेगा." ही विंडोज ९८ च्या जमान्यातली सवय. लिनक्सच्या बाबतीत ती बहुतेक वेळा अनाठायी ठरते. अपग्रेडनंतर न उठणाऱ्या मशीनमध्ये फोटो, हिशेब, प्रबंध सहसा जिथल्या तिथे असतात. मोडलेली असते ती तिथवर पोचायची वाट. ही वाट इतकी नाजूक का, याचं मूळ लिनक्सहूनही जुनं आहे.

१९८३ साली पीसी-डॉस २.० आलं आणि हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरची, म्हणजे संगणक सुरू होताना डिस्कवरून आधी वाचल्या जाणाऱ्या तुकड्याची, वाटणी ठरली. एकूण ५१२ बाइट: ४४६ प्रोग्रामला, ६४ पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) तक्त्याला, २ खुणेला. ४४६ बाइटांत फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, समजणारा प्रोग्राम मावत नाही. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा मध्यवर्ती प्रोग्राम, बाहेर पडला, आणि वेर्नर आल्म्सबर्गर यांनी त्याच्यासाठी लिलो हा बूटलोडर, म्हणजे संगणक सुरू होताना कर्नल उचलणारा प्रोग्राम, लिहिला तो ही अडचण धरूनच. कर्नलची फाइल डिस्कच्या कोणकोणत्या ब्लॉकांत आहे याची यादी लिलो आधीच करून ठेवी. फाइलींची नावं त्याला कळत नसत, जागा तेवढ्या कळत. कर्नल किंवा लिलोच्याच फाइली बदलल्या आणि लिलोचा हुकूम पुन्हा द्यायचा राहिला, की यादी शिळी. सुरू होताना तो आपल्या नावाची चार अक्षरं एकेक करून छापी. 'एल आय'वर गाडी अडली म्हणजे दुसरा टप्पा चालूच झाला नाही, असं त्यावरून ओळखायचं.

पुढच्या बहुतेक तक्रारींचं बीज यातच आहे. बूटची, म्हणजे संगणक उठायची, तयारी आधी करून ठेवलेली असते आणि अपग्रेड तिच्याखालची वस्तू बदलतं. तयारीची रूपं बदलत गेली, भांडण तेच राहिलं.

१९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी ग्रब हा बूटलोडर लिहिला. तो फाइल सिस्टीम स्वतः वाचतो, त्यामुळे ब्लॉकांची यादी गेली. ऑक्टोबर २००९ च्या उबुंटू या लिनक्सच्या ९.१० आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ग्रब २ येऊ लागला. पण जुन्या पद्धतीच्या मशीनवर ग्रबचा गाभा डिस्कच्या सुरुवातीला बसतो आणि बाकीचे मॉड्यूल (त्याचे सुटे भाग) बूट फोल्डरमध्ये. दोन डिस्क असलेल्या मशीनमध्ये अपडेटने गाभा भलत्याच डिस्कवर लिहिला, तर जुना गाभा नवे मॉड्यूल उचलतो आणि 'ग्रब रेस्क्यू' असा रुक्ष प्रॉम्प्ट समोर येतो. जुलै २०२० मध्ये ग्रबमधल्या 'बूटहोल' या सुरक्षेच्या त्रुटीवरची दुरुस्ती आली तेव्हा असंच झालं. 'ग्रब कॅलॉक' हे चिन्ह सापडत नाही, एवढीच ओळ दिसे. सुरक्षेचं अपडेट घेतलेल्यांचेच संगणक बसले, हे विशेष.

डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलपासून इनिट्रॅमएफएस आलं. खरी डिस्क उघडायला लागणारे ड्रायव्हर बांधलेलं ते छोटं गाठोडं. प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते नव्याने बांधावं लागतं. बूटचं पार्टिशन जुन्या कर्नलांनी भरलेलं असलं तर ते अर्धवट बांधलं जातं, आणि मग रूट (मुख्य) फाइल सिस्टीम माउंट होत नाही, म्हणजे जोडली जात नाही, म्हणत कर्नल पॅनिक होतो, थांबतो. २००७ च्या फेडोरा ७ या लिनक्समध्ये तर डिस्कचं नावच 'एचडीए'चं 'एसडीए' झालं. जुनं नाव लिहून ठेवलेल्या फाइली निकामी. नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा ओळख-क्रमांक, लिहायची रीत रुळली ती अशा ठेचांमुळे.

आपल्याकडे यात आणखी एक पात्र होतं: लाइट. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीज केंद्रं तिकडे गेली, आणि पुढची काही वर्षं मध्य प्रदेशाने कपातीत काढली. २००३ ची निवडणूक 'बिजली, सडक, पानी'वर लढली गेली ती उगाच नाही. एक्स्ट-२ या जुन्या फाइल सिस्टीमच्या डिस्कवर लाइट गेली की पुढच्या वेळी सगळी डिस्क तपासून होईपर्यंत चहा पिऊन यावं. रेड हॅट लिनक्स ७.२ ने २००१ मध्ये जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) असलेली एक्स्ट-३ दिली, तेव्हा हा त्रास बराच निवला. अपग्रेडच्या मध्यात लाइट गेली तर मात्र जर्नल फाइल सिस्टीम वाचवतं, अपग्रेड नाही. निम्मी पॅकेजं नवी, निम्मी जुनी. डेबियन-उबुंटूवर तेव्हा पॅकेजं बसवणाऱ्या 'डीपीकेजी'ला राहिलेली जुळणी पुरी करायला सांगावं लागतं. इन्व्हर्टरवर भरवसा ठेवून रात्री अपग्रेड लावणाऱ्यांनी आधी त्याची बॅटरी बघावी.

दुरुस्तीची रीत या सगळ्यातूनच घडली. आधी ग्रबच्या मेनूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून मागचा कर्नल निवडायचा. तो चालला तर दोष नव्या कर्नलात किंवा त्याच्या गाठोड्यात. नाहीच चालला तर लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून लिनक्स इन्स्टॉल न करता थेट चालतं तो. हा मार्ग २००० साली क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्स या सीडीवरून चालणाऱ्या लिनक्सने लोकांना दाखवला. पुढे २००५ ते २०११ उबुंटूच्या सीड्या पोस्टाने फुकट घरी येत, त्याही याच कामी आल्या. पेनड्राइव्हवरून उठून आपलं रूट पार्टिशन माउंट करायचं, चरूट या हुकुमाने आत शिरायचं, इनिट्रॅमएफएस आणि ग्रब पुन्हा बांधायचे.

सिक्युअर बूटने, म्हणजे मान्य सही नसलेला बूट प्रोग्राम अडवणाऱ्या सोयीने, यात नवी अडचण आणली. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर तो घरोघरच्या संगणकांत आला. लिनक्सला आत घेण्यासाठी मायक्रोसॉफ्टची सही असलेला शिम हा छोटा दुवा तयार झाला, आणि बूटहोलनंतर सबॅट नावाची आवृत्ती-तपासणी. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुने शिम नाकारणारी सबॅट नोंद मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिली. दोन्ही सिस्टीम एकाच लॅपटॉपवर ठेवणाऱ्या कितीतरी जणांचं लिनक्स दुसऱ्या दिवशी उठेना, तेही लिनक्समध्ये काही न बदलता. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडलं. तोवर सिक्युअर बूट बंद करून लिनक्स उघडायचं, मोकयूटिल या हुकुमाने ती नोंद पुसायची, मशीन पुन्हा सुरू करायचं आणि सिक्युअर बूट परत चालू करायचा, असं चालू होतं.