साहनी, बिरबल

(१४ नोव्हेंबर १८९१–१० एप्रिल १९४९). भारतीय पुरावनस्पतिवैज्ञानिक. लखनौ विद्यापीठातील वनस्पतिविज्ञानाचे पहिले प्राध्यापक व १९३३ पासून अखेरपर्यंत तेथील विज्ञान शाखेचे अधिष्ठाता. जन्म पंजाबातील भेरा (आता पाकिस्तानात) येथे. वडील रुचिराम साहनी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. बिरबल १९११ मध्ये पदवीधर झाले आणि केंब्रिजला ए. सी. स्यूअर्ड यांच्या हाताखाली जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासाला लागले. लंडन विद्यापीठाची डी.एस्‌सी. १९१९ मध्ये आणि केंब्रिजची एस्‌सी.डी. १९२९ मध्ये मिळाली. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व १९३६ मधले. बनारस व लाहोर येथे अल्पकाळ शिकवून ते १९२१ मध्ये लखनौला आले व तेथेच राहिले.

अध्यापन : लॉसन यांच्या वनस्पतिविज्ञानाच्या इंग्लंडमधील पाठ्यपुस्तकाची भारतीय आवृत्ती विलिस यांच्यासह साहनींनी तयार केली. भारतातल्या विद्यार्थ्याला भोवताली दिसणाऱ्या वनस्पतींतून विषय समजावा, ही त्यामागची दृष्टी होती. पुढे १९४३ मध्ये लखनौला भूविज्ञान विभाग सुरू झाला तेव्हा त्याचेही प्रमुखपद त्यांच्याकडे आले. दोन विभाग आणि शाखेचे अधिष्ठातापद एका माणसाकडे असणे आज नवलाचे वाटेल. पण जीवाश्म हा खडकही असतो आणि वनस्पतीही, त्यामुळे त्यांच्या विषयापुरती ही सोय स्वाभाविकच होती. खादीची अचकन, चुडीदार आणि गांधी टोपी हा त्यांचा पोशाख. विद्यार्थ्यांना त्यांच्याविषयी काय वाटे, हे जीवाश्मांच्या नावांतच उतरले आहे : ‘पेंटॉक्सिलॉन साहनीआय’ हे खोड, ‘साहनिया’ हे नरपुष्प, ‘साहनिऑक्सिलॉन’ हे लाकूड.

काप व साली : दख्खनच्या आंतरट्रॅपी थरांतील, म्हणजे लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये साचलेल्या थरांतील, वनस्पती चर्ट या सिलिकायुक्त कठीण दगडात भिनलेल्या असतात. दगडावरचा ठसा पाहून त्यांच्याविषयी फारसे कळत नाही. दगड कापावा लागतो. हिऱ्याची पूड बसवलेल्या चकतीने पातळ पत्रा काढतात, त्याची एक बाजू कार्बोरंडमच्या क्रमाने बारीक होत जाणाऱ्या भुकटीने घोटतात, ती कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेने काचपट्टीवर चिकटवतात आणि मग दुसरी बाजू प्रकाश आरपार जाईपर्यंत झिजवतात. बाल्सम जास्त तापला तर ठिसूळ होतो आणि घोटताना काप काचेवरून सुटतो. कमी तापला तर मऊ राहतो आणि काप सरकतो. एका बाजूला दाब जास्त पडला की कडा नाहीशी होते, नेमकी जिथे फळाची साल किंवा बियांचे आवरण असते तिथली. शिवाय दोन कापांमधला चकतीच्या जाडीइतका दगड कायमचा जातो. त्यामुळे लहान बीज एकाच कापात संपून जाऊ शकते.

यावर तोड म्हणून सालीची पद्धत वापरतात. घोटलेला पृष्ठभाग हायड्रोफ्ल्युओरिक आम्लात थोडा वेळ ठेवला की सिलिका विरघळते आणि कोशिकाभित्तींचे सेंद्रिय अवशेष किंचित वर उरतात. पृष्ठ पाण्याने हलकेच धुऊन वाळवायचे, त्यावर सेल्युलोजचे द्रावण ओतायचे आणि पूर्ण सुकल्यावर पापुद्रा सोलायचा. भित्ती त्यातच रुतून येतात. पुन्हा थोडे घोटून पुढची साल काढता येते, म्हणून एका फळाची सलग मालिका मिळते. आम्ल देऊन झाल्यावर पृष्ठाला बोट लागले की उभ्या राहिलेल्या भित्ती मोडतात. आम्लात वेळ जास्त गेला तर त्या आपणच कोलमडतात. साल ओली असताना ओढली तर आकसते. हे आम्ल काच खाते आणि त्वचेखाली खोल जाऊन ऊती जाळते, त्यामुळे त्यासाठी काचेचे भांडे चालत नाही. दख्खनच्या पुष्कळ चर्टांत सेंद्रिय द्रव्य जवळजवळ उरलेलेच नसते. तिथे साल कोरी निघते व कापावरच भिस्त ठेवावी लागते. साहनींनी १९४३ मध्ये वर्णिलेले ‘एनिग्मोकार्पन पारिजाय’ हे मेंदीच्या कुलाजवळचे फळ, वेगवेगळ्या प्रतलांत छेदलेल्या अनेक नमुन्यांची सांगड घालूनच उभे राहिले.

दख्खन ट्रॅपच्या वयाचा वाद : महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या बेसॉल्टने झाकला आहे तो केव्हा वाहिला, हा प्रश्न साहनींच्या आधीचा आहे. नागपूरला राहून टाकळी व सीताबर्डी येथील जीवाश्म गोळा करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात आंतरट्रॅपी थरांचा काळ तृतीय कल्पाच्या आरंभाचा, म्हणजे इओसीनच्या आसपासचा मानला होता. पुढे भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड यांच्या प्रभावाखाली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा कल क्रिटेशसकडे, म्हणजे तृतीय कल्पाच्या लगेच आधीच्या, डायनोसॉरांच्या अखेरच्या काळाकडे झुकला. ट्रॅपखालच्या लामेटा थरांतील डायनोसॉरांच्या हाडांमुळे तो अधिक पक्का झाला.

साहनींनी १९३४ मध्ये हा प्रश्न पुन्हा उघडला आणि १९४० मध्ये मद्रासला भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्ष या नात्याने त्यावरच भाषण केले. तत्कालीन मध्य प्रांतातील छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान व सौसर येथील वनस्पती हा त्यांचा मुख्य आधार. के. पी. रोडे यांच्यासह मोहगावचे व एच. एस. राव यांच्यासह सौसरचे जीवाश्म त्यांनी वर्णिले. ताडवर्गाची रेलचेल, आज सुंदरबनासारख्या खाडीकाठी वाढणाऱ्या निपाचे फळ आणि पाण्यावर तरंगणारा ॲझोला हा नेचा ही त्यांची मुख्य साक्ष होती. ॲझोला तोवर तृतीय कल्पाखालच्या थरांत ठाऊक नव्हता. म्हणून ट्रॅप इओसीन ठरत होता.

पुढे ॲझोला व निपा दोन्ही क्रिटेशस थरांतही सापडले, तेव्हा या पुराव्याची धार बोथट झाली. किरणोत्सर्गी कालमापनाने लाव्हाचा मुख्य उद्रेक सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वीचा, क्रिटेशस व पॅलिओसीन (तृतीय कल्पाचा इओसीनआधीचा पहिला भाग) यांच्या सीमेवरचा ठरतो. आंतरट्रॅपी थर सगळे एका वयाचे नाहीत हेही आता मान्य आहे. छिंदवाड्याजवळच्या झिलमिलीचे थर पॅलिओसीनच्या आरंभी जातात. ‘साहनी चुकले’ असे म्हणून हा वाद मिटवणे योग्य वाटत नाही. ट्रॅप निव्वळ क्रिटेशस मानण्याला त्यांनी घेतलेली हरकत अंशतः टिकली, इओसीनचा आग्रह टिकला नाही. आणि मोहगाव व सौसरची त्यांची वर्णने आजही आधार म्हणून वापरली जातात.

पंजाबातील लवणमाला या डोंगररांगेतील मिठाच्या थरांच्या वयाच्या वादात मात्र काळाने त्यांच्या विरुद्ध कौल दिला. मिठाच्या व डोलोमाइटच्या नमुन्यांतून निघालेल्या लाकडाच्या सूक्ष्म तुकड्यांवरून ते लवणथर इओसीन मानत. आज ते थर साधारणतः कँब्रियन या इओसीनहून कितीतरी जुन्या काळाच्या आरंभाजवळचे मानले जातात. मीठ विरघळून पुन्हा घट्ट होते, त्या वाटेने नंतरचे कण आत शिरणे सहज शक्य असते.

इतर कार्य : राजमहाल टेकड्यांतील खोड, पाने व फूल एकाच वनस्पतीची आहेत हे दाखवून १९३२ मध्ये त्यांनी ‘विल्यमसोनिया सिवर्डियाना’ची पुनर्रचना केली. त्याच टेकड्यांतील निपानिया येथील अवशेषांवरून १९४८ मध्ये पेंटॉक्सिली हा प्रकटबीज (फळाच्या आवरणाविना बी धरणाऱ्या) वनस्पतींचा नवा गट मांडला. खोडातील, बहुधा पाच, वाहक स्तंभांवरून हे नाव पडले. राजमहाल टेकड्यांतलेच ‘होमोक्सिलॉन’ हे वाहिन्या नसलेले लाकूड त्यांनी आवृतबीजांकडे, म्हणजे सपुष्प वनस्पतींकडे, झुकणारे मानले होते. पुढे ते बेनेटाइटी या लुप्त प्रकटबीज गटाचे ठरले. रोहतकच्या खोकराकोट टेकाडावर १९३६ मध्ये त्यांना यौधेय या प्राचीन गणाच्या नाण्यांचे मातीचे साचे मिळाले. नाण्यांचे ठसे उमटवलेल्या मातीच्या चकत्या एकावर एक रचून बाहेरून मातीने लिंपत आणि मधल्या उभ्या छिद्रातून ओतलेला धातूचा रस आडव्या नाळ्यांनी प्रत्येक खळग्यात जाई. हे तंत्र उलगडणाऱ्या १९४५ मधील ग्रंथाबद्दल त्यांना नाणकशास्त्रातील नेल्सन राइट पदक मिळाले.

संस्था : लखनौला १० सप्टेंबर १९४६ रोजी पुरावनस्पतिविज्ञान संस्था स्थापन झाली, साहनी दांपत्याने आपला जीवाश्मसंग्रह, ग्रंथ व मालमत्ता तिला दिली. इमारतीची कोनशिला जीवाश्म बसवून घडवलेली आहे. ती जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ३ एप्रिल १९४९ रोजी बसली आणि आठवड्याभरात साहनींचे निधन झाले. पत्नी सावित्री साहनी यांनी काम पुढे नेले. नव्या वास्तूचे उद्‌घाटन २ जानेवारी १९५३ रोजी झाले. पुढच्या संचालकांत के. आर. सुरंगे हे एक. २०१५ पासून ती बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते.